राखेवर ठेवलेले बूट

बूट सापडले तेव्हा नुकतं फटफटलं होतं.

कोळसा पाडणारा ठेकेदार प्रवीणकुमार ओरडतच आला. "अम्मा! देवराईपाशी या! मणीचे बूट!"

वनक्षेत्रपाल विनुता धावली. तिच्यामागे तिचं वणवा पथक धावलं. पथकातला मणी कालच्या वणव्यात बेपत्ता झाला होता; रात्रभर सगळे तळ्याच्या वाटेवर त्याला शोधत होते. घसे बसले होते, डोळे सुजले होते.

गावाचा राखणदार देव अय्यनार, त्याच्या देवराईच्या हद्दीबाहेर, त्याला वाहिलेल्या मातीच्या घोड्यांच्या रांगेशी, दोन बूट शेजारी शेजारी ठेवलेले होते. देवळाबाहेर माणसं ठेवतात तसे. हद्दीच्या आत अर्धी देवराई काळी पडली होती आणि कुठे कुठे बुंधे अजून धुमसत होते.

"त्याचेच," सत्यनारायण म्हणाला आणि मटकन खाली बसला. तो पथकाचा उपप्रमुख. पन्नाशीचा, अंगानं काटक, या रानात केस पिकलेला.

विनुतानं एक बूट उचलला. खाली राख होती, पिठासारखी मऊ. वरचं कातडं मात्र जुन्या तांबड्या धुळीचं.

तिनं बूट परत ठेवला.  देवराईच्या कडेनं काल आग लावली होती ती तिनंच.

तंजावरजवळच्या ओरत्तनाडूच्या दक्षिणेचं हे रान आता हाताच्या तळव्याएवढं उरलं आहे. जुन्या माणसांना विचारा. मुक्तांबाळच्या छत्रात, त्या जुन्या धर्मशाळेत, जेवून निघालेला वाटसरू एकटा या रानातून जात नसे, इतकं ते दाट होतं. पुढे नीलगिरी लावली, काजू लावला, आणि मग वेडी बाभूळ आली ती सगळं खातच सुटली. राहिलेलं रान विनुताच्या पथकानं जपलं होतं. बाभूळ उपटायची, पालापाचोळा ओढायचा, उन्हाळ्याआधी जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, साफ करायच्या. दोन उन्हाळे इथे वणवा लागला नव्हता.

काल दुपारी लागला. पूर्वेकडून आला आणि वारा त्याच्या पाठीशी होता. पश्चिमेला देवराई, तिच्यामागे गाव. एकच उपाय उरला. वणव्याला खायला गवतच उरू नये म्हणून समोरून आपण आधी जाळायचं. उलटी आग. ती लावण्याआधी विनुतानं वॉकीटॉकीवर विचारलं होतं, सगळे अलीकडे आहेत का?

"तुम्ही काय म्हणालात, अण्णा?" तिनं आता सत्यनारायणाला विचारलं. दोघंही तंजावरच्या मराठी घरांतले, तेव्हा आपसात मराठीच.

"अस्की आहेत, म्हणालो. लाव, म्हणालो." अस्की म्हणजे सगळे. तंजावरच्या घरांत हा शब्द अजून आहे.

"आणि मणी?"

"माझ्या मागं होता, विनू. पाणी आणतो म्हणाला. तळ्याकडे गेला असं धरलं मी. देवराईतली जवळची वाट धरेल, बूट काढून आत जाईल, हे मला काय ठाऊक?"

त्याचा आवाज फुटला. विनुताला त्याच्याकडे बघवेना. लहानपणी सायकलच्या दांड्यावर बसवून त्यानं तिला हे रान दाखवलं होतं. काजूची बोंडं दिली होती. आग कुठून आली ते दगडाला विचार, हेही त्यानंच शिकवलं होतं.

फोन वाजला. वरिष्ठ साहेब होते.

"बूट मिळाले ना? मग शोध थांबवा. दहापर्यंत अहवाल द्या. उलट्या आगीत कर्मचारी मृत."

"सर, देह मिळाला नाही."

"जळून गेला असेल."

"गवताच्या आगीत हाडांची राख होत नाही, सर."

"विनुता, तुमचं पथक तसंही महिनाअखेर बंद होतंय. दोन वर्षं वणवा नाही, मग माणसं कशाला, असं वर म्हणत होतेच. त्यात आता हे. जास्त ओढू नका. दहानंतर माणसं परत पाठवा."

फोन बंद झाला. दहा वाजले की मणीला शोधायला कुणी उरणार नव्हतं.

पथक देवराईत पसरलं. लांब दांड्याच्या दाताळ्यांनी राख उकरू लागलं.  विनुतानं पाहिलं, सत्यनारायण अनवाणी चालत होता. तळपाय भाजून लाल झाले होते.

"अण्णा, बूट घाला! खाली निखारे आहेत!"

"देवाची जागा आहे, विनू."

"किती वेळा सांगितलं, आगीत बूट काढायचे नाहीत."

"तुझा देव तुला माफ करेल. माझा जुना आहे."

पुजारी वीरैयन घोड्यांपाशी डोकं धरून बसला होता. घोडे घडवणाराही तोच, चाकावरचा कुंभार.

"वीरैयन अण्णा, मणी कधी आत यायचा का?"

"तो? कधी नाही." म्हातारा त्या दुःखातही हसला. "बाहेरूनच हात जोडायचा. म्हणायचा, अम्मांचा नियम, बूट काढायचे नाहीत. तुमचा नियम, घालून यायचं नाही. दोघांशी भांडण नको, मी बाहेरच बरा."

"आणि तो प्रवीणकुमार?"

"त्याचं नाव काढू नका! चपला घालून आत शिरतो. गेल्या महिन्यात ट्रॅक्टर घातला. आग त्यानंच लावली, सगळा गाव म्हणतोय. अय्यनार बघतोय."

पथकातले लोकही तेच कुजबुजत होते. विनुता प्रवीणकुमारकडे वळली.

"बूट तुम्हालाच कसे सापडले?"

"ट्रॅक्टर काढायला आलो, दिसले."

"वणव्यानं बाभूळ जळली. तुमचं काम सोपं झालं."

"अम्मा, तुम्ही तरी असं बोलू नका!" तो चिडला. "ओली बाभूळ तोडून, माती लिंपून, धूर कोंडून भट्टीत पाडतो, तेव्हा कोळसा होतो. उघड्यावर जळाली की राख. माझा वर्षाचा माल काल जळाला. शिव्या मी द्यायच्या की गावानं?"

ते खरं होतं. विनुता जीपकडे निघाली.

जीपजवळ चिंचेखाली मणीची बायको महालक्ष्मी बसली होती. रडत नव्हती. नवऱ्याचा जेवणाचा डबा मांडीवर धरून होती. विनुता तिच्याशेजारी जमिनीवर बसली.

"बूट बघितलेस?"

"बघितले. पण अम्मा, ते त्यांच्या पायांत कसे आले?"

"म्हणजे?"

"परवा त्यांना बाभळीचा काटा लागला. टाच ही एवढी सुजली. बूट चढेना, म्हणून पथकाच्या शेडमध्येच ठेवून आले. काल चपला घालून गेले. सत्याअण्णाच म्हणाले त्यांना, पाय टेकू नको, सावलीत बसून पहारा कर."

"कुठे बस म्हणाले?"

"ते मला कसं कळणार?"

विनुता उठली. 

टाच सुजलेल्या माणसाला पाणी आणायला कोण पाठवतं?

शेडला कुलूप असतं. हत्यारं तिथे, बूट तिथे. आत्ता दाताळी काढून देताना किल्ली कुणी काढली होती? सत्यनारायणानं, आपल्या करगोट्यातून. दुसरी किल्ली नाही.

आणि पहाटे, चहा पिता पिता, ती त्याला काय म्हणाली होती? तळ्याकडे नाही, अण्णा. उजाडलं की पूर्वेकडे शोधू. त्यानंतरच बूट सापडले, ते रानाच्या थेट दुसऱ्या टोकाला.

"सगळे चला," ती ओरडली. "पूर्वेला! दोर घ्या!"

"तिंगं काय आहे?" सत्यनारायण जागेवरूनच म्हणाला. तिंगं म्हणजे तिथे. "तिंगं जळून खाक झालंय सगळं."

ती थांबली नाही. वाटेतल्या दगडांची पूर्वेकडची बाजू काळी होती, पश्चिमेकडची पांढरी. आग जिकडून येते तिकडचं अंग काळं होतं. ती काळ्या अंगाच्या मागं मागं पळत गेली. नीलगिरी संपली. जळके ताड लागले. मग एका जागी दगड नीट काळे झाले नव्हते, नुसते धुरकटले होते. आग इथे लहान होती. इथेच जन्मली होती.

तिथून हाकेच्या अंतरावर, बिनकठड्याची जुनी विहीर होती. तोंडावर जळकी झावळी पडलेली.

"मणी!"

काही नाही.

"मणी! विनुता बोलतेय!"

खालून दगडावर दगड आपटल्याचा आवाज आला. एकदा. पुन्हा एकदा. मग थांबला.

मागून धावत आलेल्या महालक्ष्मीच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून विहिरीभोवतीची माणसं थिजली.

विहिरीत उतरावं तर सत्यनारायणानं. सबंध तालुक्यात तसा गडी नव्हता. दोर त्याच्याच खांद्यावर होता. तो पुढे आला आणि मुकाट्यानं कमरेला फास घालू लागला.

"तुम्ही नाही, अण्णा," विनुता म्हणाली.

त्याचे हात फासावरच राहिले.

"गुरुमूर्ती, तू उतर. अण्णा, दोर सोडा."

पथक बघतच राहिलं. सत्यनारायणानं दोर सोडला आणि दोन पावलं मागं सरून उभा राहिला. पळाला नाही.

मणी वर आला तेव्हा त्याचा पाय मांडीपासून वाकडा झाला होता. ओठ काळे पडले होते. तळच्या चिखलानं आणि झऱ्याच्या चार थेंबांनी त्याला जगवलं होतं. घसा धुरानं बंद झालेला. त्यानं डोळे उघडले, महालक्ष्मीला पाहिलं, मग तिच्यापलीकडे सत्यनारायणाला. आणि तोंड फिरवलं.

ओरत्तनाडूहून रुग्णवाहिका निघाली होती. ती येईतो विनुता बोलली. ओरडली नाही. तेवढं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

"बुटांखाली राख होती. म्हणजे आग विझल्यावर ते ठेवले. वर राखेचा कण नव्हता. म्हणजे ते आगीत नव्हतेच, शेडमध्ये होते. शेडची किल्ली एकाच माणसाकडे."

"प्रवीणकुमारनं कुलूप तोडलं असेल," कुणीतरी दुबळेपणानं म्हणालं. ते खरं नाही हे बोलणाऱ्यालाच ठाऊक होतं.

"त्यानं ठेवले असते तर आत राखेत फेकले असते. मग मी फसले असते. मणी देवराईतच जळाला असं आयुष्यभर समजत राहिले असते. पण ज्यानं ठेवले त्याला पायताण अय्यनारच्या हद्दीत नेववेना. माणूस मेला असं दाखवायचं होतं, तरी देवाचा नियम मोडायला हात धजला नाही. म्हणून बाहेर, नीट, शेजारी शेजारी. मणी बूट काढून आत जाणाऱ्यातला नव्हता. आपल्यात तसा एकच आहे. आज निखाऱ्यांवरून अनवाणी चालला तो."

सत्यनारायणानं आपल्या भाजलेल्या पावलांकडे पाहिलं.

"का, अण्णा?"

 तो मराठीतच सुरू झाला, आणि पुढे पथकाकडे बघून तमिळमध्ये.

"दोन वर्षं वणवा नाही, म्हणून पथक नको म्हणतात. वणवा का नाही, हे कुणी विचारलं? ही आठ घरं या पथकावर चालतात. तू कागद पाठवत राहिलीस, कुणी वाचले? म्हटलं, एक लहानशी आग. दोन जाळरेषांच्या मध्ये. तासाभरात विझवू. साहेबांना दिसेल, आपण लागतो."

"आणि वारा?"

"फिरला. मी या रानात म्हातारा झालो, विनू, आणि मला वारा फिरेल हे कळलं नाही."

"मणी?"

"त्याला दुसऱ्या ताडाखाली बसवलं होतं मी. तो लंगडत इकडे आला. माझ्या हातात काडी बघितली. दंड धरला माझा. अण्णा, तुम्ही? म्हणाला. मी हिसडा दिला. तो मागं गेला आणि..." त्यानं विहिरीकडे पाहिलं नाही. "आवाज आला. मग आग अंगावर आली. मी पळालो. धुरातच गेला असणार, असं धरलं."

"मला 'लाव' म्हणालात तेव्हा तो वर नव्हता, हे ठाऊक होतं तुम्हाला. मीच त्याला जाळलं, हे तुम्ही माझ्या माथी मारणार होता."

"तुझी फार तर बदली झाली असती. मी तुरुंगात गेलो असतो."

"रात्रभर आम्ही तळ्यावर त्याच्या नावानं ओरडत होतो. पहाटे तुम्ही एकटे शेडकडे गेलात. विहीर तिथून लांब नाही. एकदा येऊन हाक मारलीत?"

"आलो होतो," तो म्हणाला. "काठापर्यंत आलो होतो."

"मारलीत का हाक?"

"नाही."

"का?"

"मारली असती," सत्यनारायण अगदी हळू म्हणाला, "आणि त्यानं ओ दिली असती तर?"

 लांबून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येत होता.

महालक्ष्मीनं मणीच्या कपाळावरचा चिखल पदरानं पुसला. मान वर केली नाही.

"दिलीच असती, अण्णा," ती म्हणाली. "तुमची हाक आली की ते भरल्या पानावरून उठायचे."