बदली आल्याशिवाय

पाय प्लास्टरमध्ये असला की माणसाला घरातलं छतसुद्धा पाठ होतं. टेलरबाईंचं तसंच झालं होतं. न्हाणीघरात घसरल्याचं निमित्त झालं, आणि जन्मभर शिलाई मशीनवर चाललेला त्यांचा उजवा पाय आता स्टुलावर ओंडक्यासारखा पडून होता. लेक परगावी नोकरीला. रजा संपेपर्यंत ती राहिली आणि जाताना आईच्या मांडीवर टॅब ठेवून गेली. हल्ली जगभरची संग्रहालयं घरबसल्या बघता येतात, म्हणाली. बाण दाबला की एक पाऊल पुढे, बोट फिरवलं की मान वळते.

"जगभरची राहू देत," टेलरबाई म्हणाल्या. "ह्यांचं दाखव."

'हे' म्हणजे त्यांचे यजमान. गावातल्याच संग्रहालयात, अगदी शेवटच्या दालनात, भिंतीलगतच्या लाकडी खुर्चीवर बसून त्यांनी पहारेकऱ्याची नोकरी केली आणि नोकरीत असतानाच गेले. दालन तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होतं. ते पुन्हा उघडलेलं त्यांनी पाहिलं नाही.

टेलरबाईंना एकच गोष्ट आतून कुरतडत होती. नवऱ्याचा चेहरा त्यांना आठवेनासा झाला होता. आवाज आठवायचा, खोकला आठवायचा, बुटांच्या पॉलिशचा वास तर नाकात बसलेला होता. चेहरा मात्र ओल्या साबणासारखा हातातून निसटायचा. फोटो बघावा, तर ह्या गृहस्थाने एकही धड येऊ दिला नव्हता. कॅमेरा समोर आला की नेमकी मान खाली. त्यांना स्वतःची लाज वाटायची, म्हणून लेकीलाही हे सांगितलं नव्हतं.

दुपारचं जेवण झालं की त्या टॅबवरच संग्रहालयात फिरायला निघत. चित्रातल्या राण्यांच्या बाह्या मोठ्या करून बघत, जरीच्या काठांवरून बोट फिरवत. जीव रमला. खटकायचं ते एवढंच, की सगळ्यांचे चेहरे पुसलेले होते. लेकीने फोनवर सांगितलं, की फोटोत सापडलेल्या लोकांचे चेहरे कॉम्प्युटर आपणहून पुसतो. त्याला खरा माणूस कुठला आणि रंगवलेला कुठला ते कळत नाही, म्हणून तो चित्रांनाही सोडत नाही.

"म्हणजे राजा काय नि चपराशी काय, सगळे सारखेच," टेलरबाई हसल्या.

मग एका दुपारी त्या शेवटच्या दालनात पोचल्या. पूर्वी हिरव्या असलेल्या भिंती आता पांढऱ्या झाल्या होत्या. भिंतीलगत खुर्ची होती आणि खुर्चीवर माणूस होता. चेहरा पुसलेला. पण डाव्या कोपरावर राखाडी ठिगळ होतं. ह्यांच्या गणवेशाला खाकी कापड पुरलं नाही म्हणून तसं राखाडी ठिगळ टेलरबाईंनी स्वतःच लावलं होतं. डाव्या बुटातून टाच बाहेर काढलेली होती, ह्यांच्या टाचेचं कुरूप दुखायचं तेव्हा हे काढायचे तशीच.

त्यांनी शेजारणीला हाक मारून कपाट उघडायला लावलं. ह्यांचा गणवेश हँगरला होता. ठिगळही जागच्या जागी. शेजारणीने तो त्यांच्या मांडीवर आणून ठेवला आणि चहा करू का विचारलं. टेलरबाईंनी काय उत्तर दिलं ते त्यांनाच कळलं नाही. मांडीवर ठिगळ, टॅबमध्ये ठिगळ. रंगकाम झालं ते हे गेल्यावर, मग ह्या पांढऱ्या भिंतीशी हे कसे?

लेक म्हणाली, "आई, दुसरा कुणीतरी असेल गं. आणि तो फोटो आहे, एकदाच काढलेला. तो काही बदलत नाही."

पण तो बदलत होता. दुसऱ्या दिवशी दोन्ही टाचा बाहेर होत्या. पुढे पुढे खांदे उतरले. मग मान छातीवर आली. टेलरबाई बाण दाबून जवळ जात, अगदी गुडघ्यापर्यंत, आणि जवळ गेलं की चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट डाग दिसे. एकदा दिसू दे, मग मी काही मागणार नाही, असं त्या काचेशी पुटपुटायच्या.

त्यांना संग्रहालयाचा नियम ठाऊक होता. बदलीचा माणूस आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. जेवण राहो, ताप असो. घरीसुद्धा हे खुर्चीत डुलक्या घ्यायचे आणि हाका मारून उठायचे नाहीत. मग टेलरबाई कानाशी एकच वाक्य बोलायच्या, आणि हे झोपेतच ताडकन उभे राहायचे. त्यावर मायलेकी पोट धरून हसायच्या.

त्या दुपारी छातीवर पडलेली ती मान बघून त्यांना राहवलं नाही. किती दमलेत. कुणी सोडवायलाच गेलं नाही यांना. त्यांनी टॅब ओठांशी नेला.

"अहो... बदली आली. उठा आता."

टॅब क्षणभर काळा झाला. पुन्हा उजळला तेव्हा खुर्ची रिकामी होती.

टेलरबाईंना रडू आलं. सुटले बिचारे, असंही वाटलं, आणि चेहरा राहिलाच, असंही. डोळे पुसावेत म्हणून हात उचलायला गेल्या, तर तो मांडीवरून हलेना. बसून बसून अंग आखडलं असेल, असं त्यांनी मनाला समजावलं.

तेवढ्यात लेकीचा व्हिडिओ कॉल आला आणि आपोआप जोडला गेला.

"आई, कॅमेरा पूस ना. तुझा चेहराच दिसत नाहीये. नुसता डाग दिसतोय."

टेलरबाईंना बोलायला तोंड सापडेना.

"आणि मागे बाबांचा एवढा मोठा फोटो कधी लावलास? किती छान आलाय गं... डोळे उघडे, सरळ बघतायत. इतका स्पष्ट तर मी कधी पाहिलाच नव्हता."

मागे नुसती भिंत होती. भिंतीवर साधा खिळाही नव्हता. पण पॉलिशचा वास येत होता, अगदी मानेजवळ.

टेलरबाईंना वळायचं होतं. जीव तुटत होता वळायला, एकदाच, एवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं. मान वळेना. मग त्यांना टॅब देतानाचं लेकीचं बोलणं आठवलं, बोट फिरवलं की मान वळते, आणि कुठेतरी कुणीतरी काचेवरून बोट फिरवावं म्हणून त्या वाट बघत बसून राहिल्या.