बाराव्या सेकंदानंतर

मोबाइलवर व्हिडिओ चालताना खाली आकडे सरकतात ना, ते काही आभाळातून पडत नाहीत. यंत्र मोजतं सेकंदाचे बारीक बारीक तुकडे. त्यांची माणसाला वाचता येईल अशी वेळ करणारा कोड कुणीतरी लिहावा लागतो. ते काम थोरलीकडे आलं. घरातलं हे नाव ऑफिसातही तिला चिकटलं होतं.

तपासणीला तिने नेहमीचाच व्हिडिओ लावला. आई खिडकीपाशी स्वेटर विणतेय, लांबी बारा सेकंद. आई जाऊन वर्ष झालं होतं. हलतीडुलती ती एवढीच उरली होती. बाबांसाठीचा तो स्वेटर बिनबाह्यांचाच कपाटात पडून होता.

आज आकडा बारावर थांबला नाही. तेरा. चौदा.

“बारा सेकंदांत चौदावा सेकंद? गणिताला मास्तर कोण होते गं तुला?” शेजारचा टेस्टर खिदळला.

तिने भागाकार तपासला, बाकी तपासली. चूक सापडेना. मग तिने चित्राकडे पाहिलं.

सुया चालूच होत्या.

जेवणाच्या सुट्टीत ती जागची हलली नाही. सेकंदांची मिनिटं झाली, मिनिटांचा तास. कोड बिचारा सगळं बिनचूक लिहीत होता. एक बाही झाली. दुसरी सुरू झाली.

साहेब मागे येऊन उभे राहिले. “संध्याकाळी ॲप द्यायचंय. बारा झाले की आकडाही थांबव, व्हिडिओही. एका ओळीचं काम.”

“पण साहेब, बाही...”

“कसली बाही? अस्तन्या सावर आणि लिही.”

तिने ओळ लिहिली. आई बारावर थिजली.

तेवढ्यात बाबांचा फोन. “अगं, कपाटातल्या स्वेटरला बाही आलीय. तू विणलीस?”

“मला कुठे येतं विणायला, बाबा?”

“मग दुसरी अर्ध्यावर कुणी सोडली?”

थोरलीने फोन कानाशीच धरला. तिने ती ओळ खोडली आणि व्हिडिओ लावला.

बारा. तेरा.

कानाशी टकटक सुरू झाली. सुईवर सुई.

“बाबा, सुया खाली ठेवा ना.”

“मी कुठे हात लावलाय? मला वाटलं, तुझ्या व्हिडिओचा आवाज येतोय.”

व्हिडिओचा आवाज तिने सकाळपासून बंदच ठेवला होता.