काळ्या बांगड्यांची मोटार

"रबरी बांगड्या हायेत का?"

माझे वडील, नाना, आत जेवायला बसले होते आणि दुकानावर मी एकटीच होते. मी पेटीतून मान वर न काढताच विचारलं, "कुणाच्या हाताला?"

"हाताला न्हाई. चाकाला."

तेव्हा मात्र मी वर बघितलं. खाकी सदरा, कोपरापर्यंत काळं ग्रीस, आणि चेहरा इतका गंभीर, की थट्टा करतोय असंही म्हणवेना. पुण्याहून भोरला येणाऱ्या सर्व्हिस मोटारीवरचा क्लीनर होता तो. नाव सावळाराम, गाव विंझर. जातीनं आमच्यासारखाच कासार, पण बांगडीच्या धंद्याला कधी हात न लावलेला. मोटार सुटली की मागच्या पायरीवर एका हातानं लोंबकळत जायचा. ते मी रोज बघायचे. आता बघायचे म्हटल्यावर बघायचे, उगाच लपवू कशाला.

"कसलं चाक?" मी विचारलं.

"मोटारीचं. शर्यतीच्या मोटारीचं. एवढी हाय ती." त्यानं वीत पसरून दाखवली. "म्याच करतोय. अंग सागवानाचं केलंय, चाकं कातारीदादाकडनं कातून आणलीत. टायर तेवढं गावंना."

मग त्यानं सगळा शोध सांगितला. सायकलवाल्याकडची ट्यूब कापून कडी केली तर ती चपटी बसली. मोटारीचे वॉशर लावले तर ते बैलगाडीच्या धावेसारखे दिसले. शेवटी मोटारीत एका बाईच्या हातात पेन्सिलीएवढी जाड रबरी बांगडी दिसली आणि तो पायरीवरून पडता पडता राहिला.

"बाईकडं टक लावून बघत होतात म्हणजे."

"बांगडीकडं," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

मला हसू आलं. माप विचारलं तर म्हणाला, पावणेदोन इंच. मी दोन जोड काढून दिले. रुमालात बांधून, मान खाली घालून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत हजर. "माप चुकलं तुमचं. चाकाभवती गरागरा फिरत्यात बांगड्या."

आमच्या दुकानाचं माप चुकलं असं त्याआधी कुणी म्हणालं नव्हतं. मला रागच आला. "चित्र दाखवा ते."

इंग्रजी मासिकातलं फाटकं पान होतं. शर्यतीची लांबट मोटार आणि बाजूला मापं. खऱ्या मोटारीचा एक इंच म्हणजे आपला एक आणा, असा त्याचा हिशेब. इंचाचे सोळा आणे, ते आम्हा कासारांना नव्यानं शिकवायला नको. टायर बाहेरून अठ्ठावीस इंच, म्हणून त्यानं अठ्ठावीस आणे धरले होते, म्हणजे पावणेदोन.

"अहो, बांगडीचं माप पोटातलं असतं," मी म्हणाले. "हात आतून जातो, बाहेरून नाही. अठ्ठावीसातून दोन्हीकडची जाडी चार-चार वजा करा. वीस आणे उरले. सव्वा इंच. तान्ह्या बाळाची बांगडी लागेल तुम्हाला."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुमी शाळंत कितवीपर्यंत होता?"

"सातवी."

"म्या चौथी," तो म्हणाला. "म्हणून दिसतंय हे असं..."

सव्वा इंची रबरी काळ्या बांगड्यांचा एकच जोड पेटीत निघाला. दुसरा जोड नानांनी दिवाळीच्या फेरीत हिर्डोशीला विकला होता. पुण्याच्या व्यापाऱ्यांकडेही हे माप शिमग्यानंतरच येणार, आणि भोरचं प्रदर्शन आठ दिवसांवर. त्यानं आहे तो जोड नेला. नेमक्या त्याच वेळी समोरच्या बाळाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या.

झालं. लग्न न झालेला गडी दृष्टीच्या काळ्या बांगड्या नेतो, म्हणजे बाळ कुठं आहे, हा प्रश्न संध्याकाळपर्यंत मोटार स्टँडवर पोचला.

"सगळी इचारत्यात, पोरगं का पोरगी," दोन दिवसांनी तो येऊन सांगू लागला.

"मग काय सांगितलंत?"

"मोटार."

"अन् आई कोण म्हणून नाही विचारलं?"

तो ओट्यावरची धूळ बोटानं पुसत राहिला. मग म्हणाला, "सुलूताई..." आणि थांबला.

"ताई कुणाची हो?"

"न्हाई... म्हंजे... सुलू." एवढं बोलून तो चपला घालायच्याही आधी पळाला. मला त्या उचलून कोपऱ्यात ठेवाव्या लागल्या.

पुढचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. प्रदर्शनाला पुण्याच्या एका मोटार कारखान्याचे मालक येणार होते. बारा फुटी उतरत्या फळीवर मोटार शेवटपर्यंत सरळ पळाली तर सावळारामाला मिस्त्रीच्या हाताखाली घेतो, असा त्यांनी शब्द दिला होता. इकडे माझ्यासाठी नसरापूरचं स्थळ आलं होतं, तेही स्टँडपर्यंत पोचलं होतं. चालतं दुकान, माणसं चांगली. रविवारी निरोप द्यायचा होता. क्लीनरच्या घरी नाना मला देणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि टायर मिळाले तर हा पुण्याला जाणार. तिकडे गेलेला माणूस परत वळून बघेल की नाही, कोण सांगणार? मिळाले तरी पंचाईत, न मिळाले तरी पंचाईत. पण दोन चाकांची मोटार तशीच पडून राहावी, हे काही माझ्यानं बघवेना.

मंगळवारी नाना हिर्डोशीच्या फेरीला तट्टू घेऊन निघाले. मी म्हणाले, मी पण येते.

"तिकडं काय हाय तुझं?"

"दिवाळीतल्या बांगड्या बघायच्यात, कशा टिकल्या."

नानांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि तट्टाचा दोर माझ्या हातात दिला. नीरेच्या काठाकाठानं दिवसभर चाललो. धुकं उठायला दहा वाजले. वाटेत भाताची कापलेली खाचरं आणि दुपारी नाचणीची भाकरी.

दिवाळीत तो जोड घेतलेल्या ठकुबाईंच्या घरी पोचलो तेव्हा त्यांचा नातू अंगणात रांगत होता. दोन्ही हातांत आमचा जोड. हात गुबगुबीत झाले होते आणि बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. मला एवढा आनंद झाला, की कुणाच्या लेकराच्या हातात बांगडी रुतल्याचा इतका आनंद जगात कुणाला झाला नसेल.

"ठकुबाई, दीड इंची देते मी याला. नव्या. ह्या मला द्या."

"वापरलेल्या घेऊन काय करशील गं?" ठकुबाई म्हणाल्या. "आन् हात मोकळा न्हाई ठेवायचा लेकराचा."

"आधी नवी घालते, मग जुनी काढते." साबणाचं पाणी केलं. एकेक हात धरून नवी ताणून जुनीवरून वर चढवली आणि जुनी अलगद खाली ओढली. पोरगं जराही रडलं नाही.

नाना खांबाला टेकून बघत होते. "भरलेली बांगडी आपून माघारी घेत न्हाई, सुलू. माझ्या बापानं कधी घेतली न्हाई."

"ही बांगडी नाही, नाना. टायर आहे."

रात्री तिथंच राहिलो. दुसऱ्या दिवशी परतताना नाना म्हणाले, "त्या पोराला पुण्याला जायचंय म्हणं."

"हो."

"मग ह्यो खटाटोप त्याला घालवायला चाललाय का ठेवायला?"

"मला ठाऊक नाही, नाना," मी म्हणाले, आणि मला रडू आलं. नानांनी तट्टू थांबवलं नाही, नुसतं जरा सावकाश चालवलं.

शनिवारी प्रदर्शनात ही गर्दी. विणलेल्या घोंगड्या, भोपळे, तांब्याची भांडी, आणि मधोमध ती उतरती फळी, वर खडूनं मारलेली सरळ रेघ. मी आणून दिलेला जोड चढवून सावळारामानं मोटार आणली. तांबडा रंग, चार काळे टायर, अगदी चित्रातल्यासारखी. माझ्याकडे एकदाच बघितलं आणि मोटार सोडली.

सात फुटांवर ती उजवीकडे वळली आणि फळीवरून खाली पडली.

लोक हसले. पुण्याचे मालक हसले नाहीत, घड्याळ काढून बघू लागले. "आणखी एकदा सोडा हवं तर," म्हणाले. त्यानं उचलली, आस बघितला, चाकं फिरवून बघितली. सगळं ठीक. दुसऱ्यांदा सोडली, पुन्हा तिथंच वळली.

मी पुढं घुसले. जवळून बघितलं आणि लगेच कळलं. पुढच्या आसाला डावीकडे नवा टायर, उजवीकडे बाळाच्या हातातला. चार महिन्यांत झिजून तो केसभर बारीक झालेला. मागंही तसंच. कासाराच्या घरात रांगणारं पोर सुद्धा असं करणार नाही.

"सावळाराम!" मी ओरडले. "जोड फोडलात तुम्ही!"

अख्खं प्रदर्शन माझ्याकडे बघायला लागलं. बाळाबाईंचा हात तोंडावर गेला. पण आता थांबून काय उपयोग होता? "जोड फोडायचा नसतो. एका आसाला एक जोड. नव्या दोन पुढं, वापरलेल्या दोन मागं."

त्यानं टायर उतरवले, पुन्हा चढवले. मोटार सोडली. ती रेघेवरून निघाली आणि बारा फूट कुठंही न ढळता मालकांच्या बुटाला जाऊन टेकली.

मालकांनी ती उचलून टायर दाबून बघितला. "ह्या मापाचे टायर मिळाले कुठे तुला?"

"म्या न्हाई शोधलं," तो म्हणाला. "ह्यांनी शोधलं. कासारांच्या सुलूनं. हिर्डोशीपातूर चालत गेली." एवढ्या लोकांत, एवढ्या मोठ्यानं.

"पहिल्या तारखेला पुण्याला हजर हो," मालक म्हणाले.

"येतो, साहेब. पर आधी हितं एक काम हाय." तो वळला आणि सरळ नानांच्या समोर जाऊन उभा राहिला. ग्रीसचे हात सदऱ्याला पुसले. "नाना, नसरापूरला निरोप धाडू नका. म्या पुण्याला जाणार, पर एकटा न्हाई जाणार. तुमी हो म्हणाला तर... न्हाई म्हणाला तरी म्या रोज इचारायला येणार."

नानांनी त्याचं ऐकून घेतलं. ते माझ्याकडे वळले. "सुलू, उद्या निरोप द्यायचाय. काय देऊ?"

"माझं ठरलंय म्हणून द्या."

"कुणाशी? इचारतील ती माणसं. नाव सांग."

मी तोंड उघडलं. आत्ता भर गर्दीत ओरडून घेतलेलं नाव, आठ दिवस दुकानात बसून मनात घोकलेलं नाव. ते जिभेपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. पदर सावरला, खाली बघितलं, पुन्हा प्रयत्न केला. काही केल्या बाहेर येईना.

"ह्यांच्याशी," मी म्हणाले.

नानांनी दोघांकडेही एकदा बघितलं. "बरं," ते म्हणाले, "कळलं."