चिखलदऱ्याच्या उतारावर

ही छत्तीस सालची, भाद्रपदातली गोष्ट. मी तेव्हा अमरावतीला मराठी शाळेत मास्तर होतो. शनिवारी कसलीशी सरकारी सुट्टी आली, रविवार तिला जोडूनच होता. आमच्या शेजारच्या बागवानाचा गोवर्धन म्हणाला, "मास्तर, चिखलदऱ्याले येता काय सायकलनं?"

त्याची धाकटी बहीण सुभद्रा तिथे दिली होती. तिचा नवरा रामराव एका साहेबाच्या बंगल्यावर बागेचं काम पाहायचा. सुभद्रेला मुलगा होऊन नऊ दिवस झाले होते आणि पार्बताबाईंनी, म्हणजे गोवर्धनच्या आईने, लेकीसाठी डिंकाचे लाडू केले होते. ते पोचवायचे होते.

पहाटे निघालो. परतवाड्यापर्यंत रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना कपाशी. पुढे घाट लागला आणि सायकली ढकलत चढावं लागलं. वर पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. रामरावांचं घर गावाच्या टोकाला, दरीच्या अंगाला होतं. मागच्या खोलीत बाळंतीण, पुढच्या पडवीत आम्ही. गोवर्धन तर हौसेने बहिणीच्या दाराशीच आडवा झाला. रात्र शांत गेली. पोर दोनदा रडलं, तेवढंच.

सकाळी उठून पाहतो तर धुकं. अंगणातली तुळस दिसेना. आठाच्या सुमाराला निघालो. फाटकापर्यंत आलो आणि गोवर्धनला आठवलं की लाडवांचा रिकामा डबा राहिला. "तुमी व्हा पुढं हळूहळू. मी येतो," म्हणून तो माघारी वळला.

मी निघालो. चिखलदऱ्याचे रस्ते म्हणजे चढ-उतारच. बंगल्यांची फाटकं धुक्यातून अचानक समोर यायची आणि विरून जायची. बाजार ओलांडला, मग घाटाचा उतार लागला. दोन्ही ब्रेक आवळून मी डोंगराच्या बाजूने, कड्याला घासूनच चाललो होतो. पलीकडे दरी होती, पण दिसत नव्हती. पानांवरून पाणी ठिबकत होतं. बाकी आवाज नाही.

दोन वळणं झाली असतील. मागे घंटी वाजली. एकदाच.

"आलो मास्तर."

"लवकर आलास," मी म्हणालो. मान वळवायला गेलो, तशी सायकल डगमगली.

"मांगं पाहू नका, पडसान."

खरंच होतं ते. मी नजर समोर ठेवली. गोवर्धन बोलत राहिला. आवाज त्याचाच, थोडा बसलेला. थंडीने बसला असेल. बोलणं साधंच होतं. रस्ता किती निसरडा आहे, खाली पोचायला किती वेळ लागेल. मग म्हणाला, "पोरगं कोन्या खोलीत निजते?"

"मागच्या," मी म्हणालो.

"खिडकी हाय तिले?"

"आहे की. दरीच्या बाजूला."

"लागते काय?"

रामराव काल म्हणाले होते की त्या खिडकीची कडी मोडली आहे. मी ते सांगितलं. रामराव कामावर किती वाजता जातात, ते त्याने विचारलं. नऊला, मी सांगितलं. मग दुपारपर्यंत सुभद्रा एकटीच असते, हेही सांगितलं. कोणी विचारलं की सांगायचं, मास्तराची सवय. उतारावर लक्ष होतं माझं.

मग एक वास आला. नुकत्याच खणलेल्या खड्ड्यातून येतो तसा, गार आणि जड. आणि त्याबरोबरच माझ्या डोक्यात एक विचार आला. गोवर्धन रात्रभर त्याच खोलीच्या दाराशी झोपला होता. बाळाला मांडीवर घेऊन त्याच खिडकीशी तासभर बसला होता. त्याला हे का विचारावं लागतं?

मी ब्रेक दाबले, पाय टेकला. मागचं चाकही थांबलं. ते थांबल्याचा आवाज मी ऐकला. कोणीतरी माझ्या मानेपासून हातभर अंतरावर श्वास घेत होतं.

"गोवर्धन...?"

मी वळून पाहिलं. पांढरं धुकं, आणि काही नाही. मग घंटी वाजली, बरीच वर, घाटाच्या माथ्याकडे. ते वर जाताना मला कसलाच आवाज आला नव्हता.

मी खाली सुटलो. ब्रेक किती दाबले, आठवत नाही. पुढच्या वळणावर पुलाच्या कठड्यावर एक माणूस बसलेला दिसला. गोवर्धन होता. डबा मांडीवर.

"किती वेळ लावला राजेहो," तो म्हणाला. रामरावांनी त्याला बागेमागची पायवाट दाखवली होती. सायकल खांद्यावर घेऊन तो केव्हाच खाली उतरला होता आणि अर्धा तास माझी वाट पाहत होता.

मी त्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही. डबा तिथेच कठड्यावर ठेवून त्याने सायकल उलटी फिरवली.

त्या चढाला आम्हाला दीड तास लागला.

सुभद्रा अंगणात उभी होती. उघड्यावर, धुक्यात, बाळाला लुगड्यात गुंडाळून छातीशी धरलेलं. गोवर्धनला पाहिलं आणि ती मागे सरकली. तो जवळ गेला, तशी आणखी मागे.

"हात लाव मले," ती म्हणाली. "पहिले हात लाव."

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा ती खाली बसली.

मग तिने सांगितलं: रामराव कामावर गेले आणि थोड्या वेळाने खिडकी ढकलली गेली. बाहेर दादा उभा होता. धुक्यात अर्धाच दिसत होता. म्हणाला, पोराले दे, आजीले दाखवून आणतो. तिने म्हटलं, येडा हायेस काय, आत ये, चहा घे. तर म्हणाला, "दारातून नाई येत. खिडकीतून दे." हात पुढे केले. तिने हात पाहिले आणि पोर उचलून बाहेर पळाली. हात कसे होते ते आम्ही विचारलं. तिने ते सांगितलं नाही.

खिडकीखाली चिखलात सायकलच्या चाकाची ओळ होती. दरीच्या काठावरून आलेली.

खिडकीचं त्याला कोणी सांगितलं, हे मी तिला बोललो नाही. आजपर्यंत नाही.

रामराव दुपारी आले. धुक्यात माणसाला भास होतात, म्हणाले. साहेब आठवड्यात येणार होता, त्यांना हलता येईना. पण बाळंतिणीला न्यायला त्यांनी हरकत घेतली नाही. त्याच दिवशी दमणी जुंपली आणि बैलांच्या घुंगरांच्या आवाजात आम्ही घाट उतरलो. सुभद्रा मध्ये, आम्ही दोन्ही बाजूंना. अमरावतीला मायलेकरं सुखरूप पोचली. बारसंही थाटात झालं.

त्यानंतर आठवड्याने पार्बताबाईंच्या नावे रामरावांचं कार्ड आलं. गोवर्धनला वाचता येत नव्हतं, म्हणून तो ते घेऊन माझ्याकडे आला. ओट्यावर बसला, मी वाचू लागलो. इकडील सर्व क्षेम. पाऊस ओसरला. मुलाला आशीर्वाद. मग पुढची ओळ: चि. गोवर्धन बुधवारी येऊन पोचला, बरं झालं पाठवलात, एकट्याला करमत नव्हतं.

गोवर्धनने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे.

"पुन्हा वाचा," तो म्हणाला.

मी पुन्हा वाचलं. शब्द तेच होते. पार्बताबाई फार आजारी आहेत, अशी खोटी तार आम्ही त्याच तासाला ठोकली. तिसऱ्या दिवशी रामराव आले. गालफडं बसलेली, नजर जमिनीवर. पडवीत गोवर्धन उभा होता. त्याला पाहून ते दारातच थबकले आणि बराच वेळ आत आले नाहीत. पुन्हा कधी ते चिखलदऱ्याला गेले नाहीत. त्या दिवसांबद्दल त्यांना विचारलं की उठून जात.

कार्ड वाचलं त्या दिवशी ओट्यावर गोवर्धनने विचारलं होतं, "आनखी काई लिवलं हाय काय मास्तर?" मी नाही म्हणालो आणि कार्ड खिशात घातलं. कोपऱ्यात बारीक अक्षरात एक ओळ होती. मास्तरांना नमस्कार सांगा. गोवर्धन त्यांची फार आठवण काढतो, त्यांच्या घरी कोण कोण असतं ते रोज विचारतो.