लाल घळीतलं नितळ पाणी

स्वयंपाकघराच्या टेबलावर नकाशा पसरून शांडीन आणि तिचा मावसभाऊ डेल्बर्ट सकाळपासून भांडत होते. सुट्टी होती, विल्फर्डमामाचा पिकअप होता, दोन दिवसांची सहल ठरली होती. अडलं होतं ते रस्त्यावरून. डेल्बर्टला डांबरी सडक हवी होती, कारण वाटेतल्या पेट्रोलपंपावर आइस्क्रीम मिळतं. शांडीनला लाल घळीतून जायचं होतं. मामा तिच्या बाजूने झाला. घळीतल्या पाणी उपसणाऱ्या पवनचक्कीच्या टाकीवर पिण्याचं पाणी भरून घेऊ, लहानपणी मेंढ्या चारताना आम्ही तेच प्यायचो, असं तो म्हणाला. परगावच्या नोकरीमुळे तो तिकडे वीसेक वर्षं फिरकला नव्हता. वाळूतली वाट शाबूत आहे का ते आधी पाहून येऊ, म्हणून दुपारीच तिघं निघाले.

घळीत शिरताच वारा पडला. तांबडे कडे दोन्हीकडून इतके जवळ आले की आभाळाची नुसती पट्टी उरली. पवनचक्की निश्चल उभी होती. टाकी काठोकाठ भरलेली, पाणी अगदी नितळ. भोवतालच्या वाळूत बुटांचे कितीतरी ताजे ठसे होते, पण माणूस एकही दिसत नव्हता. मग कुणीतरी हसलं. आवाज पुढून आला की मागून, तेच कळेना. डेल्बर्ट गुपचूप मामाला चिकटला.

मामा कॅन घेऊन वाकला.

"मामा, थांब," शांडीन म्हणाली. "इथलं काहीतरी काढून नेलंय."

टाकीच्या सिमेंटमध्ये चार भोकं होती, कडा नुकत्याच फुटलेल्या. त्यांच्यामधला चौकोन फिकट होता, वर्षानुवर्षं ऊन न लागलेला. मामाने कॅन खाली ठेवला. इथे धोक्याची पाटी असणार, वरच्या अंगाला युरेनियमच्या जुन्या खाणी आहेत, एवढंच तो हळूच म्हणाला.

तेवढ्यात वळणावरून हसणारी माणसं आली. कॅमेरे घेतलेले तिघं, बाहेरगावचे. मामाने पाटीबद्दल विचारलं. त्यांचा टोपीवाला म्होरक्या म्हणाला, आम्ही कुठलीच पाटी पाहिली नाही.

शांडीनने गाडीतला पेला टाकीतून भरला आणि अदबीने त्याच्यापुढे धरला. "उन्हातून आलात. घ्या, थंडगार आहे."

टोपीवाला दोन पावलं मागे सरकला.

"का हो?" शांडीनने विचारलं. "आम्ही तर आता सगळे कॅन भरणार आहोत."

शेवटी त्यांच्यातली तरुण मुलगी खडकामागे गेली आणि पत्र्याची पाटी घेऊन आली. लाल अक्षरांत लिहिलं होतं: पाण्यात युरेनियम आहे, माणसांनी व जनावरांनी पिऊ नये. फोटोत वाईट दिसते म्हणून काढली, असं ती खाली मान घालून म्हणाली.

मामा ओरडला नाही. चारही खिळे पुन्हा घट्ट बसेपर्यंत तो त्यांच्या डोक्यावर उभा राहिला. मग गाडीचा नंबर लिहून घेतला आणि ही गोष्ट गावाच्या बैठकीत जाईल असं बजावलं.

ते गेल्यावर मात्र तो पिकअपच्या फळीवर बसला.

"आज मी माझ्या हाताने तुम्हाला हे पाजलं असतं," तो म्हणाला. "पोरी, मोठ्या माणसासारखी वागलीस."

"पण मामा, तुम्ही प्यायचात तेव्हा?" डेल्बर्टने विचारलं.

मामाने त्या नितळ पाण्याकडे पाहिलं.

"तेव्हा पाटी नव्हती," तो म्हणाला.