सुंठीची जोडबिस्किटं

संगीतानं सुंठीच्या डब्याचं झाकण उघडलं आणि भट्टीपुढे उभा असलेला पोरगा शिंकायला लागला. एकदा, दोनदा... थांबायचं नावच घेईना. वरचा पंखा गरगरत होता, त्यानं अर्धी पूड उचलून नेमकी त्याच्या तोंडावर टाकलेली. डोळे पुसत पुसत तो म्हणाला, "बिस्किटं भाजायले आली, का मले?"

रांगेतल्या बाया खो खो हसल्या. संगीताही हसली, आणि अनोळखी पोराला आपण हसतोय हे ध्यानात आल्यावर उगाचच ओढणी सारखी करत बसली.

आर्णीत दिवाळीआधी हा रिवाजच. घरचा मैदा, रवा, साखर, तूप घेऊन बाया भट्टीवर जातात, डोळ्यांदेखत बिस्किटं करून घेतात आणि डब्यात भरून नेतात. पण दोन हजार सहाच्या त्या दिवाळीला रांगेत बाया कमी आणि त्यांचे डबे लहान होते. कापसाच्या भावानं सगळ्या जिल्ह्याचं तोंड उतरवलेलं. संगीताच्या तांड्यावर तर बायांनी बसून ठरवलंच, यंदा घरोघरी कढई चढवायची नाही. ज्याला जमेल तसं पीठ-साखर सगळ्यांनी काढायची, एकत्र बिस्किटं करून आणायची आणि प्रत्येक पोराच्या हातावर सारखी ठेवायची. कोणाच्या घरी फराळ झाला आणि कोणाच्या नाही, हे पोरांना कळताच कामा नये. संगीता आर्णीला बी.ए. करत होती, तिचं रोजचंच येणं-जाणं. काम तिच्या गळ्यात पडलं.

पहिल्या दिवशी याडी सोबत आली होती. याडी म्हणजे आई, बसंतीबाई. तरण्या पोरीला एकटीला भट्टीवर कशी सोडायची, हा तिला घोर. पण तिनं वर पाटी पाहिली, 'राठोड बेकरी', आणि आत पोरगा गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, कोणाशी तरी बोलताना ऐकला, तशी ती निवांत झाली. "राठोड हाय. आपलाच भाऊ झाला," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून घरीच राहिली.

कारण संगीताही राठोडच. आणि बंजाऱ्यांमध्ये एका गोताची पोरं-पोरी म्हणजे भाऊ-बहीण. ओळख असो की नसो, लग्नाचा विषयसुद्धा काढायचा नाही. गिऱ्हाइकं त्याला "ए राठोड, आमची पाळी कधी?" म्हणून ओरडायची आणि तो "आलीच मावशी" म्हणून ओ द्यायचा. मग शंका घ्यायला जागा कुठं होती?

त्याचं नाव सुनील. हैदराबादला एका बेकरीत चार पावसाळे काढून आलेला. तांड्याचं पीठ एवढं, की रोज कॉलेज सुटल्यावर एक घाणा लावायचा असं ठरलं. भाऊच आहे म्हटल्यावर संगीताची जीभही सैल सुटली. एरवी पोरांसमोर मान वर न करणारी पोट्टी, पण इथं सुंठ कमी का जास्त यावर त्याच्याशी भांडायची, त्यानं लवंग जास्त कुटली तर त्याच्या हातातून खलबत्ता ओढून घ्यायची.

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी तिनं घरच्या म्हशीचं लोणी आणलं. ते पाहून सुनीलचे डोळे चमकले. त्यानं लोणी माठातल्या पाण्यानं धुतलं, पिठीसाखर आणि वेलची घालून फेटायला घेतलं. फेटता फेटता ते पांढरंशुभ्र, हलकं झालं. मग सुंठ-जायफळाचं एक बिस्कीट घेतलं, त्यावर ती मलई थापली, वरून दुसरं बिस्कीट दाबलं आणि तिच्यापुढे धरलं.

आधी सुंठीचा चटका लागला, मग थंडगार गोडवा जिभेवर पसरला. संगीतानं डोळे मिटले.

"बोल ना काही," तो म्हणाला.

"थांब... संपू दे."

झालं. तांड्याच्या पोरांसाठी हीच करायची असं तिनं ठरवून टाकलं. मलई दिवाळीच्या सकाळी घरीच भरायची, नाहीतर ऑक्टोबरच्या उन्हात ऑटोतच वितळायची. पण हात बसावा म्हणून ती रोज थोडी तिथंच भरायला लागली. हात पहिल्याच दिवशी बसला होता, ही गोष्ट वेगळी.

दोघं भाजलेल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या दोन बाजूंना बसायचे. सारख्या आकाराची दोन बिस्किटं निवडायची, मध्ये मलई घालायची. सुनील एखादं बिस्कीट उचलून फार विचारात पडल्यासारखं करायचा.

"हिच्या जोडीचा सापडून नाही राह्यला."

"तो बघ, तुह्या समोरच हाय."

"समोर हाय ते मलेही माहीत हाय," तो तिच्याकडेच बघत म्हणायचा. "पण हिले पसंत हाय का, ते कोण सांगन?"

ती खाली बघून हसायची. ऑटोत बसल्यावर पुन्हा हसायची. घरी भाकरी थापताना हसली, तेव्हा याडीनं विचारलं की काय झालं, तर म्हणे काही नाही.

आता बघा, प्रेमात पडणाऱ्याला आपण पडतोय हे सगळ्यात उशिरा कळतं. संगीताला कळलं ते वसुबारसेच्या दिवशी. भट्टीतून पत्रा ओढताना सुनीलचं बोट भाजलं. तिनं झटकन त्याचा हात ओढला आणि बोट लोण्याच्या भांड्यात बुडवलं. बरं, बुडवलं ते बुडवलं... हात सोडायचा राहूनच गेला. त्यानंही तो काढून घेतला नाही. बाहेर कोणीतरी ट्रॅक्टर सुरू करत होतं, त्याचा आवाज येत होता, आणि दोघं एका भांड्यावर वाकून तसेच उभे.

"संगीता," तो हळूच म्हणाला. नुसतं नाव. पण असं नाव तिचं कधी कोणी घेतलं नव्हतं.

तिनं वर पाहिलं आणि बाहेर लावलेली पाटी मागच्या बाजूनं का होईना, तिला दिसली. हा राठोड. मी राठोड. हे मी काय करून राह्यली? आपलीच तिला अशी शरम वाटली, की तोंडाला येईल ते बोलून मोकळी झाली.

"सुनीलदादा... भाऊबीजेले तांड्यावर येजो. ओवाळीन तुले."

सुनीलनं हात काढून घेतला. लोणी पुसलं. फडकं घडी करून ठेवलं, पुन्हा उलगडलं, पुन्हा घडी केली. मग म्हणाला, "येईन."

त्या संध्याकाळी त्यानं उरलेले डबे भरून तिच्या ऑटोत ठेवून दिले. जोडीचं एक अक्षर बोलला नाही. ऑटो वळला तरी तो तिथंच उभा होता. संगीताला वाटलं, बरं झालं, एकदाचं सांगून टाकलं. आणि असं वाटत असतानाच तिच्या डोळ्यांना धार लागली.

दिवाळीच्या सकाळी तांड्यावरच्या बायांनी मलई भरली. पोरांनी बिस्किटं उघडून आधी मलई चाटली, मग बिस्कीट खाल्लं, मग एकमेकांच्या हातातलं मोजलं, सगळ्यांना सारखंच. किती तरी दिवसांनी तांडा हसत होता. संध्याकाळी बिनलग्नाच्या पोरी हातात दिवे घेऊन घरोघर 'मेरा' मागायला निघाल्या, थोरांना दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला. संगीताही गेली. सगळे बिस्किटांचं कौतुक करत होते आणि तिच्या घशाखाली मात्र एकही उतरत नव्हतं. हे मन कोणाला दाखवायचं? याडीला सांगावं तर ती काय म्हणेल, भावावर जीव जडला?

भाऊबीजेच्या दिवशी तो खरंच आला. मागून आणलेली लुना, अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि चेहरा असा, जणू दवाखान्यात आलाय. निंबाखाली खाटेवर खेमसिंग नायक बसले होते, तांड्याचे प्रमुख. पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी गोत विचारायचं ही त्यांची जुनी रीत.

"रामराम. कोणत्या तांड्याचा तू? गोत कोणतं?"

"पुसदकडचा," सुनील म्हणाला. "चव्हाण."

संगीता ओवाळणीचं ताट घेऊन दारात आली होती. तिथंच थबकली.

बसंतीबाई पुढे झाली. "चव्हाण कसा? पाटीवर तं राठोड लिवलं हाय."

"ते मालकाचं नाव हाय काकी. देवसिंगभाऊ राठोड. मी त्यांच्याकडं कामाले हाय. लोक मलेच राठोड म्हणतात, मी ओ देतो. कोणाकोणाले सांगू?"

बाया हसायला लागल्या. नायकही मिशीत हसले. म्हणाले, चव्हाण तर चव्हाण, मानलेला भाऊ कोणत्याही गोताचा चालतो. पोरीनं बोलावलंय, पोरगा एवढ्या लांबून आलाय, ओवाळू द्या. कोणीतरी पाटही मांडला. सुनील मुकाट्यानं त्यावर जाऊन बसला आणि डोक्यावर रुमाल घेतला.

सगळे संगीताकडे बघत होते. हातात ताट, ताटात कुंकू, पेटलेला दिवा. चार पावलं पुढे टाकली की संपलं, जन्मभराचा भाऊ. तिनं याडीकडे पाहिलं. बसंतीबाईनं लेकीचा चेहरा पाहिला, पाटावरच्या पोराचा पाहिला, आणि काय समजायचं ते ती समजली. पण पदर सारखा करून ती नुसतीच बाजूला झाली. बोलायचं ते पोरीनंच, असं बहुतेक तिनं ठरवलं असावं.

संगीता वळली आणि ताट घेऊन घरात निघून गेली.

बाहेर कुजबुज सुरू झाली. बसंतीबाई म्हणाली, दिव्यात तेल नसन, जा रे बाप्पा, बघून ये. सुनील उठून दारापर्यंत आला. आत चुलीजवळ ताट खाली ठेवून ती पाठमोरी उभी होती.

"रागावली का?" त्यानं विचारलं.

"माहं गोत माहीत होतं ना तुले? मग मी दादा म्हटलं तवा काहून नाही बोलला?"

"मले वाटलं, तुले मी नको हाय. सरळ नाही म्हणता येत नसन, म्हणून दादा म्हटलं."

"अन् तरी आला?"

"भाऊ म्हणून का होईना... वर्षातून एकदा तरी दिसशीन, म्हटलं."

ती वळली. डोळे पाण्यानं भरलेले, पण आवाज पक्का.

"मी तुले ओवाळणार नाही."

"बरं," तो खाली बघत म्हणाला.

"आज नाही ओवाळणार. पाडव्याले ओवाळीन."

पाडव्याला कोण कोणाला ओवाळतं, हे त्याच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. शिरलं तसं रुमाल डोक्यावरून घसरला.

"पाडवा तं... काल झाला."

"पुढच्या वर्षी नाही येत का?"

दारामागे बसंतीबाईच्या बांगड्या वाजल्या. म्हणजे तिनं सगळं ऐकलं होतं. सुनील एकदम चाचरला, दारातून बाहेर बघितलं, पुन्हा तिच्याकडे बघितलं, आणि कसंबसं म्हणाला, "मग माह्या बाले घेऊन येऊ? नायकासमोर बसवतो..."

"चहा पिऊन जा," संगीता म्हणाली. मग तिला राहवलंच नाही. "नाहीतर राहू दे चहा. आधी जा, अन् घेऊनच ये त्याहिले."