अंगठी काढायला सांगायचं राहिलं

दिवसभर माझ्या तोंडी एकच पालुपद: अंगठी, घड्याळ, बांगड्या काढा. एक्स-रे काढायच्या कामाला अठरा वर्षं झाली. दारात पाहुणा उभा राहिला तरी मी तेच म्हणेन, असं नवरा चिडवतो.

त्या दिवशी साडेबाराला रफू करणाऱ्या एक आजी आल्या. उजवं मनगट टम्म सुजलेलं, सोबत कुणी नाही, आणि हात सारखा थरथरत होता. तीन फोटो काढले, तिन्ही पुसट. हाडांचे डॉक्टर एकला निघणार होते, ते परत उगवणार महिन्याने.

"तोवर हाड वाकडं जुळेल ना गं पोरी?" आजी म्हणाल्या. "मग सुई कशी धरू?"

मशीन सोडून मला हात धरता येत नाही, म्हणून बाहेर जाऊन विचारलं, कुणी दोन मिनिटं आत येईल का? किरणांचं नाव काढताच सगळ्यांनी मोबाइलमध्ये डोकी खुपसली. कोपऱ्यातल्या बाकावरचा एक माणूस मात्र उठला. पन्नाशीचा, बाही उसवलेला शर्ट. सकाळपासून तिथेच होता. त्याचा नंबर पुकारल्याचं मला आठवेना.

"मी धरतो."

"तुमच्या कुणी लागतात का या?"

"नाही हो."

मी त्याला शिशाचा एप्रन दिला. तो घालताना भलेभले कण्हतात. याने टॉवेल खांद्यावर टाकावा तसा घेतला. मग आजींशेजारी वाकून त्याने मनगटाच्या जरा मागे हात धरला.

"तुमची बोटं फोटोत येतील, पण चालेल," मी काचेमागून सांगितलं.

तो आजींशी बोलत होता. "ही बाही होईल का हो नीट?"

"न व्हायला काय झालं? हात बरा होऊ दे," म्हणत आजी चक्क हसल्या. थरथर थांबली. मी बटण दाबलं.

फोटो लख्ख आला. आजींचं हाडन् हाड दिसत होतं, मनगटातली चीरसुद्धा.

त्याची बोटं नव्हती.

मनगटामागे एक अंगठी होती. नुसतीच. गडबडीत त्याला काढायला सांगायचं राहिलं होतं.

मी वळले. एप्रन खुंटीवर होता, आजी एकट्या.

"गेले ते," आजी म्हणाल्या. "किती उबदार हात गं!"

डॉक्टरांनी मला झापलं. "म्हातारीची अंगठी काढून घेता येत नाही?" पण हाड त्याच दिवशी बसवलं.

दोन महिन्यांनी, प्लॅस्टर निघाल्यावर, आजी पुन्हा आल्या. या खेपेला मी त्यांची दहाही बोटं स्वतः तपासली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. टेबलावर ठेवलेला हात जरासुद्धा हलला नाही.

हाड सरळ जुळलं होतं. त्याच्यामागे, त्याच जागी, अंगठी होती.

मी मॉनिटर हळूच माझ्याकडे वळवला.

"आता सुईसुद्धा एका दमात ओवते," आजी म्हणाल्या, आणि कौतुकाने डावा हात उजव्या मनगटामागे ठेवायला गेल्या. तो टेकलाच नाही. बोटभर वरच थांबला, आणि तिथेच त्यांनी दोनदा हलकं थोपटलं.